फॅक्सवाल्या पट्टेबहादूर बाई

राज्याच्या सीमेपलीकडच्या तेलाच्या कारखान्यातल्या खरेदी मॅनेजरने रिसोडच्या आम्हा सोयाबीन व्यापाऱ्यांना फसवलं. आमच्या संघाच्या अध्यक्षांना ते माहीत होतं आणि ते गप्प बसले. नोकरी गेली ती पट्टेबहादूर बाईंची. बाईंनी कुणालाच फसवलं नव्हतं. एवढं आधी लिहून ठेवतो, कारण मला राग लवकर येतो आणि मग मुद्दा राहून जातो.

मी अनसिंगचा. रिसोडला आलो तो भाड्याच्या टेम्पोतून दुसऱ्यांची पोती वाहायला. आता माझी पोती दुसरे वाहतात. मधल्या काळात मी कुणाकडून काही फुकट घेतलं नाही आणि पहिल्या बोलीत कुणाला काही दिलं नाही. बाईंशी माझं जमायचं नाही, कारण त्यांच्याकडे दुसरी बोलीच नव्हती. त्या एकदा सांगायच्या. तेच शेवटचं.

आमच्या संघाचं ऑफिस एका खताच्या दुकानाच्या माडीवर आहे. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि बाई. कॉम्प्युटरला बाईंनी घरून शिवून आणलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. सकाळी आल्यावर त्या ते काढून घडी घालायच्या, स्क्रीनकडे थोडा वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "चाल रे बाबा." मगच बटण दाबायच्या. एकदा माझ्या मुनीमाने त्या यायच्या आधीच कॉम्प्युटर चालू करून ठेवला. बाईंनी तो बंद केला, झाकण घातलं, झाकण काढलं आणि पुन्हा चालू केला. मुनीम जिन्यावर उभा राहून बघत होता. त्याला कुणी काही बोललं नाही, पण पुन्हा त्याने हात लावला नाही.

आजच्या काळात फॅक्स कशाला, असं बाहेरचे विचारतात. त्या कारखान्याच्या म्हाताऱ्या सेठचा मोबाईलवर विश्वास नव्हता. मोबाईलवरचा भाव दुपारी बदलतो, कागदावरचा बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माल किती, भाव काय, ओलावा किती, हे सगळं फॅक्सनेच पाठवायचं. ज्याचा कागद त्यांच्या मशीनमधून आधी निघेल त्याची गाडी आधी आत जाणार. व्यापारात मी पुष्कळ नियम पाहिले, हा त्यातल्या त्यात सरळ होता.

आमचं जुनं फॅक्स मशीन मोडलं तेव्हा दुरुस्त करणारा कुणी वाशिमला सापडेना, अकोल्यालाही सापडेना. मग संघाने कॉम्प्युटरवरून फॅक्स पाठवायची सोय घेतली. कागद स्कॅन करायचा, फाईल चढवायची, नंबर टाकायचा, बटण दाबायचं. तिकडच्या मशीनमधून कागद निघतो, इकडे मशीन लागत नाही. ही सोय बसवायला वाशिमहून एक इंजिनिअर आला होता. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कागद आतमंदी जाते कुठून?"

"कागद जात नाही मॅडम. कागदाचा फोटो जातो."

"मंग कागद इथंच राह्यते?"

"हो."

"मंग पाठवला काय आपण?"

इंजिनिअरने घड्याळ बघितलं. बाईंनी त्याला जाऊ दिलं, पण त्याचं उत्तर काही मान्य केलं नाही. फॅक्स करून झाल्यावर तो मूळ कागद त्या उलटा करून वेगळ्या खणात ठेवायच्या. गेलेला कागद टेबलावर दिसता कामा नये, हे त्यांना बरं वाटायचं.

संघात येण्याआधी बाई बसस्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये बसायच्या. मोबाईल आले आणि बूथ गेलं, पण आवाज राहिला. त्या फोनवर बोलल्या की खाली खताच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. बाईंचे यजमान पंचायत समितीत शिपाई होते, ते लवकर वारले. दोन मुलींची लग्नं बाईंनी या आवाजावर आणि या खुर्चीवर केली. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. त्या असलं काही सांगत नसत.

त्यांचं सगळं काम एका गोष्टीवर उभं होतं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, खाली 'डिलिव्हर्ड' लिहून आलं, तरी त्या 'गेला' म्हणायच्या नाहीत. कारखान्याला फोन लावायच्या. तिकडे खरेदी मॅनेजर राव फोन उचलायचा.

"हॅलो! रिसोडहून बोलून राह्यली! कागद आला काय?"

"हौ ताई, आया."

"मशीनमंदी कागद हाय ना? शाई हाय ना?"

"हाय ताई, सब हाय."

"मंग पयली ओळ वाचा. आता शेवटची वाचा."

राव वाचायचा. दोन्ही ओळी जुळल्या की बाई रिसीव्हर ठेवून समोरच्या माणसाला सांगायच्या, "पोचला." त्यानंतर त्या माणसाने काही विचारायचं नाही. विचारलंच तर म्हणायच्या, "पाठवाचा पगार नाही घेत मी. पोचवाचा घेतो."

आधी बाई स्वतःच ओळी वाचून दाखवायच्या. पण त्या आवाजामुळे माझा भाव खालच्या गिऱ्हाइकासकट साऱ्या मार्केटला कळायचा. मी भांडलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायचं काम रावकडे दिलं. माझ्या भांडणाचा बाईंवर झालेला हा एकमेव परिणाम.

माझ्या लेटरपॅडची गोष्ट सांगायला हवी. मी ते घाऊक छापून घेतलं होतं. गडद पिवळा कागद, आणि मधोमध सोयाबीनचं हिरवंगार झाड. छापणाऱ्याकडून मी त्याचा भाव फार खाली आणून घेतला होता, म्हणून ते मला आवडायचं. पहिल्यांदा ते फॅक्सने गेलं तेव्हा रावचाच उलट फोन आला. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे वळल्या.

"रशीदभाऊ, तुमचं झाड जळालं."

"म्हंजे?"

"कागद पुरा काळा गेला. त्याले निस्ता कोळसा भेटला. भाव बी दिसत नाही, तुमी बी दिसत नाही."

"स्कॅनर खराब हाय तुमचा."

"अध्यक्षाचा बी इथूनच जाते. त्याचा गोरा गेला."

मी म्हणालो, फिकट करून पाठवा. बाईंनी स्कॅन काळ्या-पांढऱ्यात केला, उजेड वाढवला, तर झाड गेलं आणि त्याच्यासोबत माझी सहीही गेली, कारण मी निळ्या पेनाने करतो. उजेड कमी केला तर सही आली आणि झाडही परत आलं. शेवटी बाईंनी माझ्यापुढे कोरा पांढरा कागद आणि काळं पेन ठेवलं. मी म्हणालो, एवढे छापलेले कागद मग काय करू? त्या म्हणाल्या, "पोरीच्या पुस्तकाले कव्हर घाला. चांगले जाड हायेत." माझ्या मुलीची पुस्तकं अजून त्याच कव्हरांत आहेत.

बाई चुकत नव्हत्या असं नाही. चुकायच्या तर पूर्ण ताकदीने चुकायच्या. नव्या सोयीत नंबराच्या आधी देशाचा आकडा लावायचा आणि गावाच्या कोडमधलं शून्य काढायचं असतं. बाईंनी शून्य काढलं नाही. "इतकी वर्सं शून्य लावूनच गेलं सगळं, आता कायले काढू?" फॅक्स जाईना. स्क्रीनवर लाल अक्षरात 'फेल' यायचं. बाई ते वाचायच्या आणि पुन्हा पाठवायच्या, जणू आकडा तोच ठेवून समोरच्याचा विचार बदलेल. लाईन बिझी असेल म्हणून चहा घेऊन पाठवला. फाईल जड असेल म्हणून एकच पान पाठवलं. मग त्या सेवेच्या मदतीच्या खिडकीत त्यांनी मराठीत तक्रार लिहिली. तिकडून इंग्रजीत उत्तर आलं, आणि खाली विचारलं होतं की तुमची अडचण सुटली का. बाईंनी लिहिलं, 'नाही.' पुन्हा तेच विचारलं. बाईंनी लिहिलं, 'एकदा सांगितलं.'

सारा आठवडा आमचे कागद अडले. शेवटी एके सकाळी कुणाला न सांगता बाईंनी शून्य काढलं आणि फॅक्स गेला. मी म्हणालो, "बाई, शून्यच व्हतं ना?" त्या म्हणाल्या, "शून्याचं काई नाही. तिकडची लाईन सुधरली." आणि त्यानंतर नंबर टाकताना त्या शून्याच्या जागी जरा थांबायच्या. मान दिल्यासारख्या.

आणि त्यांची रांग. आलेले कागद त्या उलटे करून एकावर एक ठेवायच्या, वर दोन किलोचं माप. आधी आलेला तळाशी, आणि काढायचा तळातूनच. मी कचोरी नेली तेव्हा कचोरी त्यांनी खाल्ली आणि कागद वर ठेवला. मी म्हणालो, "बाई, निदान दोन जणांच्या आधी घ्या." म्हणाल्या, "दोन जनाची कचोरी बी आणली काय?"

एकदा अध्यक्ष स्वतः आले. ते कुठेही आले की लोक उठतात. बाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. अध्यक्षांनी माप उचललं, आपला कागद तळाशी सरकवला, माप ठेवलं आणि आमच्याशी हवापाण्याचं बोलू लागले. बाईंनी माप उचललं, तो कागद तळातून काढला, सगळ्यांच्या वर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचा चुकून खाली गेलता." खोलीत पाचसहा व्यापारी होते. कुणी हसलं नाही. मी हसलो. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं आणि जिना उतरले. त्यानंतर त्यांचा कागद ऑफिसात क्वचितच यायचा. तरी त्यांच्या गाड्या कारखान्यात सगळ्यांच्या आधी जात. आम्हाला वाटलं, मोठ्या माणसाचं नशीब.

मागच्या हंगामात कारखान्याने सांगितलं की गोदाम भरत आलंय, आता मोजक्या गाड्या घेऊ आणि गेट बंद करू. त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीपासून मी जिन्यावर बसलो होतो. माझा कागद सगळ्यांत तळाशी. बाईंनी झाकण काढलं, "चाल रे बाबा" म्हटलं आणि पहिला माझाच फॅक्स पाठवला. हिरवी खूण आली. फोन लावला. रावने पहिली ओळ वाचली. शेवटची वाचली, 'माल कोरडा, चाळलेला.' बाई म्हणाल्या, "पोचला." मी गाड्या सोडल्या.

गाड्या कारखान्याच्या गेटवरून परत फिरवल्या. ड्रायव्हरने फोन केला, "शेठ, म्हणून राह्यले तुमचा फॅक्सच नाही आला." अध्यक्षांच्या गाड्या आत होत्या.

मी ऑफिसात जाऊन ओरडलो. मी सगळ्यांवर ओरडतो, बाईंवरही ओरडलो. त्या म्हणाल्या, "पोचला व्हता भाऊ." मी म्हणालो, दाखवा. स्क्रीनवर पोचल्याची नोंद येते, ती दाखवा. आणि इथे सगळं फसलं. बाई त्या नोंदी रोज संध्याकाळी पुसून टाकायच्या. पहिल्या दिवसापासून. कॉम्प्युटरमध्ये कचरा साचतो म्हणून. शिवाय यंत्राने 'पोचला' म्हटलेलं त्यांना कधी साक्ष वाटलंच नाही. माणसाने वाचून दाखवलं की संपलं. त्यांच्याकडे एकच साक्षीदार होता, आणि तो राव होता.

अध्यक्षांनी संचालकांची बैठक बोलावली. मीही होतो. त्यांनी टेबलावर मोबाईल ठेवला, स्पीकर चालू केला आणि रावला फोन लावला.

"उस दिन रशीद का फॅक्स आया था क्या?"

"नहीं साहब."

बाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, मोबाईलजवळ वाकल्या आणि या वेळी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, हळू बोलल्या.

"राव भाऊ, रिसोडहून बोलून राह्यली. तुमी मले शेवटची ओळ वाचून दाखवली व्हती ना? माल कोरडा, चाळलेला?"

मग राव म्हणाला, "नहीं मॅडम."

तो त्यांना नेहमी ताई म्हणायचा.

अध्यक्ष म्हणाले, "बाईंचं वय झालंय. आता त्यांच्या हातून फॅक्स जात नाही." ठराव झाला. बाईंनी भांडण केलं नाही, पगाराचं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काढाचं तं काढा. पण फॅक्स गेला नाही असं लिवू नका. तो पोचला व्हता." लिहिलं तेच, की गेला नाही. आठवडाभरात अध्यक्षांनी ते फॅक्सचं खातंही बंद करून टाकलं. आता गरज नाही म्हणाले.

माझी गाडी परत फिरवणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. मी कारखान्यात गेलो. रावने चांगलं बसवलं, चहा मागवला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी मशीन दाखवा.

"कौनसा मशीन?"

"फॅक्सचं. ज्यातून आमचे कागद निघतात."

त्याने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात केला. स्टुलावर काचेची पेटी होती. आत पाणी, आणि पाण्यात नारिंगी मासे.

"मशीन वहाँ था. बडे सेठजी गुजरे, तो छोटे सेठ ने हटा दिया. अब फॅक्स का नंबर मेल पे लगाया. सब मेरे मोबाईल पे आता."

"मंग बारी कशी ठरते?"

राव हसला. "जिसका मैं खोलूँ."

"आणि बाई तुम्हाला विचारायच्या, मशीनमध्ये कागद आहे का, शाई आहे का?"

"बोलने दिया ना उनको. अच्छा लगता था." मग तो माशांकडे बघून म्हणाला, "आपके अध्यक्ष साब को तो सब मालूम. पिछली दिवाली में आए थे, यहीं बैठे, मछली को दाना डाला. वो तो अपना भाव सीधे मेरे को मोबाईल पे भेजते. आप लोग क्यूँ नहीं भेजते?"

मी पुष्कळ बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमनने मला गेटपर्यंत सोडलं.

रिसोडला येऊन घरी न जाता मी बाईंकडे गेलो. त्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, मासेही सांगितले. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे मशीन नव्हतंच?"

"नव्हतं."

"कधीपासून?"

"सेठ गेल्यापासून."

त्यांनी सूप हलवून डाळ पुन्हा पसरली. मग म्हणाल्या, "मी त्याले म्हणो, कागद संपला असन तं भरा, मी थांबतो. तो म्हणे, थांबा ताई, भरतो. आन् मले फोनवर कागदाचा आवाज ये. सरसर सरसर. मी रिसीव्हर धरून थांबत जाओ." त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "तो आवाज कायचा व्हता, रशीदभाऊ?"

मी रावला हे विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, बाई, आपण पोलिसात जाऊ. त्या म्हणाल्या, "पोलिसाले काय सांगू? मासे हायेत म्हणून?" मी म्हणालो, नोकरी परत मिळवून देतो. म्हणाल्या, "नोकरी नोको. खातंच बंद झालं, मी तिथं काय करू? फक्त अध्यक्षानं एकडाव सभेत म्हणावं, बाईचा फॅक्स पोचला व्हता. माह्या पोरी इचारतात, आई तू काय चुकली? मी त्यायले काय सांगू?"

वार्षिक सभेला मी उभा राहिलो. बाई सभासद नाहीत, म्हणून त्या आत आल्या नाहीत. खिडकीबाहेर उन्हात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी कारखान्यातलं सगळं सांगायला सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, "रशीदभाई, हा विषय पत्रिकेवर नाही." मी आवाज चढवला. ते म्हणाले, "तुमचा माल अडला म्हणून तुम्ही बोलताय, आम्हाला कळतं." सभागृहात हसण्याचा आवाज आला. सरबत वाटायला सुरुवात झाली. मी खिडकीकडे बघितलं तर बाई वळल्या होत्या. त्या घाईत नव्हत्या. रस्त्याच्या कडेने, मालाच्या गाड्यांना वाट देत देत, एकेक गाडी पुढे जाऊ देऊन चालत गेल्या. कोपऱ्यावरच्या पानटपरीजवळ कुणीतरी त्यांना काही विचारलं. त्या थांबल्या, उत्तर दिलं आणि पुढे गेल्या. एवढा मोठा आवाज असलेली बाई, आणि काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

अध्यक्ष साहेब, विषय पत्रिकेवर नव्हता, म्हणून तो मी इथे लिहिला आहे. हा मजकूर तुमच्यापर्यंत पोचणार, रिसोडात सगळं पोचतं. तुम्ही दिवाळीत त्या खोलीत बसला होतात, तिथे मशीन नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी आमच्यासमोर स्पीकर लावून रावला विचारलंत की फॅक्स आला का. माझ्या गाड्यांचं मी बघून घेईन, ते मला जमतं. तुम्ही बाईंना बोलवा. सभासद नसल्या तरी आत बोलवा, खुर्ची द्या, आणि सगळ्यांसमोर त्यांच्याकडे बघून सांगा, त्या दिवशी कागद पोचला होता की नाही?